प्रतिकृतीचा पुरावा

गेल्या नाताळच्या सुटींत राजोडीस आमच्या एका जुन्या स्नेह्यांकडे चार दिवस राहण्याचा योग आला. राजोडी हें वसईच्या उत्तरेस समुद्राला लागून असलेलें गांव. एकीकडे सुरूचीं झाडें व त्यांच्यामागें समुद्र, दुसरीकडे केळींच्या वाड्या, आणि थोडें आंत चालत गेलें कीं प्राचीन शूर्पारक म्हणजे आजचें सोपारें. इतिहासाच्या अध्यापकाला अशा मुलुखांत विश्रांति मिळणें कठीणच. परंतु या वेळीं जो इतिहास आम्हांस भेटला तो सोपाऱ्याच्या बुरुडराजाच्या कोटांत नव्हे. तो आमच्या स्नेह्यांच्या पडवींतील एका टेबलावर, कानशी आणि पितळेचा कीस यांच्या पसाऱ्यांत बसला होता.

हे स्नेही आयुष्यभर यंत्रशाळेंत नोकरी करून निवृत्त झालेले. गेलीं दोन वर्षें ते एका जुन्या मोटारगाडीची प्रतिकृति घडवीत आहेत. गाडी फोर्ड कंपनीची सुप्रसिद्ध ‘मॉडेल टी’. प्रमाण एका फुटास एक इंच. हल्लीं अशा प्रतिकृतींच्या तयार भागांच्या पेट्या बाजारांत मिळतात. भाग काढावे, चिकटवावे, रंगवावे, कीं गाडी तयार. आमच्या स्नेह्यांनीं असा एकहि भाग विकत घेतलेला नाहीं. लांकूड, पितळी पत्रा, तार, रबराचा एक जुना तुकडा आणि डाख, एवढ्या भांडवलावर सारा संसार उभा केलेला. या गोष्टीचें एक गमतीचें अंग असें कीं, १९१३-१४ मध्यें हेन्री फोर्डच्या हायलंड पार्क येथील कारखान्यांत सरकत्या जुळणीची पद्धत सुरू झाली, तेव्हां खऱ्या गाडीचा सांगाडा जुळविण्याचें बारा तासांचें काम सुमारें दीड तासावर आलें. १९०८ पासून १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या बाहेर पडल्या. ज्या वस्तूची सर्व कीर्ति ती झटपट होण्यांत होती, तिच्याच बाराव्या हिश्श्यासाठीं एक मनुष्य दोन वर्षें खपतो आहे!

काम किती नाजूक असतें याची कल्पना आम्हांस चाकांवरून आली. मूळ गाडीच्या पुढील व मागील चाकांतील अंतर शंभर इंच. तें प्रतिकृतींत सवाआठ इंचांहून किंचित् अधिक झालें. तीस इंचांचें चाक अडीच इंचांवर आलें. येथवर नुसता भागाकार. परंतु प्रत्येक चाकाला लांकडाचे बारा आरे, आणि ते आपल्या बैलगाडीच्या आऱ्यांसारखे तुंब्याच्या भोंकांत ठोकलेले नसून, पाचरीसारखे निमुळते होऊन मध्यभागीं एकमेकांस खेटून बसलेले. बारा पाचरींचें वर्तुळ व्हावयाचें तर प्रत्येक पाचर बरोबर तीस अंशांची हवी. प्रत्येकींत अर्धा अंश जरी चुकला, तरी बाराव्या आऱ्यापाशीं सहा अंशांची फट उरते किंवा तो आरा आंत शिरतच नाहीं. चार चाकांचे अठ्ठेचाळीस आरे बसविण्यासाठीं आमच्या स्नेह्यांनीं शंभरांवर कापले. टाकून दिलेले आरे त्यांनीं एका बरणींत जपून ठेविले आहेत, बहुधा स्वतःचा अहंकार ठिकाणावर राहावा म्हणून.

आणि कांहीं ठिकाणीं कितीहि कौशल्य असलें तरी प्रमाण पाळतांच येत नाहीं. गाडीचा पत्रा एक बत्तिसांश इंच जाडीचा धरला, तर त्याचा बारावा हिस्सा साध्या कागदाहूनहि पातळ होतो. असा पत्रा हातांत धरतांच चुरगळेल. म्हणून मडगार्डाचा पत्रा जाडच घ्यावयाचा आणि दिसणारी कड तेवढी कानशीनें झिजवून पातळ करावयाची. प्रामाणिक प्रतिकृतींत देखील अशी थोडी लबाडी असतेच. इंग्लंडांतील जेराल्ड विंग्रोव्ह या कारागिरानें अशा प्रतिकृतींना कलेच्या पदवीस नेऊन बसविलें. १९७८ सालीं त्यानें या विद्येवर एक ग्रंथहि लिहिला. अमेरिकेंत तर जनरल मोटर्सच्या फिशर कारखान्यानें १९३० पासून १९६८ पर्यंत मुलांच्या स्पर्धा चालविल्या होत्या. आरंभीं नेपोलियनच्या राजरथाची, पुढें मुलांच्या स्वतःच्या कल्पनेंतील मोटारींची प्रतिकृति करावयाची, आणि उत्तम करणाऱ्यास विद्यापीठांतील शिक्षणासाठीं वेतन मिळावयाचें. परीक्षा घेऊन विद्यार्थी पारखणाऱ्या आमच्यासारख्यांना हा प्रकार विचार करण्याजोगा वाटावा.

आतां आमच्या विषयाकडे वळूं. ही गाडी आमच्या स्नेह्यांनीं निवडली ती कंपनीच्या कीर्तीसाठीं नव्हे. त्यांचे आजोबा मुंबईंत एका शेटजींच्या पदरीं मोटार हांकीत. त्या गाडीचें आज कांहींच उरलेलें नाहीं. उरलें आहे तें एक पिवळट छायाचित्र आणि घरांत तीन पिढ्या सांगितली जाणारी एक गोष्ट. गोष्ट अशी कीं, आजोबांची गाडी १९१४ सालची ‘पितळी नाकाची’ होती आणि ते रोज पहांटे उठून तिचें नाक चिंचेनें घांसून लखलखीत करीत. या गोष्टीवर विसंबून आमच्या स्नेह्यांनीं रेडिएटरचा पितळी सांचा सर्वांत आधीं केला. सहा महिने त्यांत गेले. मग अमेरिकेंतील चित्रांवरून पुढील काम करतांना त्यांनीं चालकाचें चक्र डावीकडे बसविलें, आणि पडताळा म्हणून छायाचित्र भिंगाखालीं धरलें, तेव्हां घोटाळा उघडकीस आला.

चक्र उजवीकडे होतें. यांत खरें पाहतां नवल नव्हतें. ब्रिटिश साम्राज्यांत, खुद्द ब्रिटन वगळून, फोर्ड गाड्या पुरविण्याचा हक्क १९०४ सालीं स्थापन झालेल्या कॅनडांतील फोर्ड कंपनीकडे होता, आणि इकडे येणाऱ्या गाड्या उजव्या हाताच्या असत. तें चक्र हलवितां आलें. परंतु छायाचित्रांतील गाडीचें नाक काळें होतें! फोर्डनें पितळी नाक १९१६ च्या उत्तरार्धांत, म्हणजे १९१७ सालच्या नमुन्यापासून, सोडून दिलें. पुढील कांच छायाचित्रांत सरळ उभी होती. ती १९२३ च्या नमुन्यांत मागें कललेली आली. म्हणजे छायाचित्रांतील गाडी १९१६ च्या अखेरीपासून १९२२ पर्यंत केव्हां तरी घडलेली. १९१४ सालची ती नव्हेच. इंग्लंडांत १९३४ सालीं निघालेल्या जुन्या मोटारींच्या मंडळानें १९१९ पासून १९३० पर्यंतच्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ हें नांव दिलें. मूळ शब्द द्राक्षांच्या हंगामाचा. आमच्या स्नेह्यांची गाडी त्या उंबरठ्याच्या अलीकडे कीं पलीकडे, हें सुद्धां त्यामुळें सांगतां येईना.

“काय करूं?” त्यांनीं आम्हांस विचारलें. “छायाचित्र खरें धरूं, कीं आजोबा?”

प्रश्न वरकरणीं घरगुती असला तरी आमच्या व्यवसायाच्या मुळाशीं जाणारा होता. उत्तर देतांना आम्हांस दायमाबादची आठवण झाली. प्रवरेच्या कांठीं, श्रीरामपूर तालुक्यांत, दायमाबाद येथें १९७४ सालीं एका भिल्ल शेतकऱ्यास खणतांना चार कांस्यवस्तु मिळाल्या: हत्ती, गेंडा, रेडा, आणि दोन बैलांचा एक रथ. चारींचें मिळून वजन साठ किलोंच्या वर. रथाची लांबी ४५ सेंटिमीटर, रुंदी १६. चाकें भरीव, आऱ्यांवांचूनचीं. मागें उभा राहून हांकणारा पुरुष १६ सेंटिमीटर उंच. मनुष्य आपल्याइतकाच, सुमारें १६० सेंटिमीटर, धरला तर हें प्रमाण दहास एक असें पडतें, आणि बैलांसकट खरी गाडी साडेचार मीटर लांब व एक मीटर साठ सेंटिमीटर रुंद होते. दोन बैलांच्या गाडीला हें माप मुळींच विसंगत नाहीं. हा हिशेब त्या कारागिराच्या मनांत होता असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु त्यानें खरी गाडी डोळे उघडे ठेवून पाहिली होती, एवढें तरी मान्य करावें लागेल. त्या काळच्या लांकडी गाड्या केव्हांच माती झाल्या. उरली ती प्रतिकृति.

मात्र ती कोणत्या काळची? साळी, ढवळीकर यांसारख्या विद्वानांनीं ती उत्तर-हडप्पा काळांतील, म्हणजे सुमारें चार हजार वर्षांपूर्वींची, मानली. धर्मपाल अग्रवाल यांनीं धातूच्या पृथक्करणावरून शंका घेतली: तींत सोमल एक टक्क्याहून अधिक, आणि ताम्रपाषाणयुगांतील इतर वस्तूंशीं तें जुळत नाहीं. आणि वाद मिटविणारी जी एकच गोष्ट, वस्तु कोणत्या थरांत सांपडली तें, तीच हातची गेलेली. कारण त्या वस्तु उत्खननांत सांपडल्याच नव्हत्या. त्या थरांतून निघाल्या असत्या तर एवढी चर्चा कशाला करावी लागती?

हडप्पा आणि चन्हुदारो येथेंहि तांब्याच्या चिमुकल्या गाड्या मिळाल्या आहेत, आणि मातीच्या तर पुष्कळच. देवलांनीं मराठींत आणलेल्या ‘मृच्छकटिका’चें नांवच मातीच्या गाडीवरून पडलेलें, चारुदत्ताच्या मुलाला ती नको असते, त्याला सोन्याची हवी असते. मुलाला गाडी चालली म्हणजे पुरे. ती खरी कोणत्या गाडीसारखी आहे हा प्रश्न त्याला पडत नाहीं. हा प्रश्न पडला कीं खेळणें संपलें आणि प्रतिकृति सुरू झाली. आमच्या स्नेह्यांना तो पडला होता, म्हणून तर त्यांची झोंप उडाली होती.

आम्हीं त्यांस असें सांगितलें कीं, छायाचित्र एका गाडीचा पुरावा आहे; आजोबांची गोष्ट कदाचित् दुसऱ्याच गाडीची असेल. शेटजींनीं आधींची गाडी विकून नवी घेतली असेल, आणि छायाचित्र नवीबरोबर काढलें असेल. तसें असेल तर आजोबाहि खरे आणि छायाचित्रहि खरें. मात्र दोहोंचें मिश्रण करून केलेली गाडी तेवढी खोटी, कारण तशी गाडी कोठेंच नव्हती. म्हणून ज्या गाडीचें माप डोळ्यांपुढें आहे तीच करावी. स्नेह्यांनीं बराच वेळ उत्तर दिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं डाख वितळवून पितळी नाक सोडविलें आणि काळ्या नाकासाठीं पत्रा आंखावयास घेतला.

घरांत त्यांच्या आत्या आहेत, वय नव्वदीपुढें. त्यांना हें अजिबात आवडलें नाहीं. “बाबा खोटें बोलत नसत,” एवढेंच त्या म्हणाल्या. आम्हीं दोन गाड्यांची आमची उपपत्ति शक्य तितकी सोपी करून त्यांना सांगितली. त्यांनीं ती ऐकली कीं नाहीं कोण जाणे; त्यांनीं हात पुढें केला आणि तें सुटें पितळी नाक मागून घेतलें. चष्मा वर सारून त्यांनीं तें उजेडाकडे धरलें, अंगठ्यानें एक कड पुसून पाहिली, आणि सुनेला हांक मारून चिंच भिजत घालावयास सांगितलें.