बॅटरसीचे वीजघर आणि त्याचे परवाने

लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकातून दक्षिणेस जाणारी आगगाडी टेम्स नदी ओलांडते तेथेच, नदीच्या दक्षिण तीरावर, बॅटरसीच्या जुन्या वीजघराची चार धुरांड्यांची प्रचंड विटांची वास्तू उभी आहे. तिच्या बाह्यरूपाची, म्हणजेच वास्तुशिल्पी सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांच्या कलादृष्टीची, चर्चा पुष्कळ होते. मला मात्र तिच्या दफ्तराचे कुतूहल अधिक वाटते. कारण नदीकाठच्या जागेवर काय बांधावे, ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा, आणि दिलेल्या परवानगीच्या मोबदल्यात नगराने काय मागावे, या वादाचा जवळजवळ शतकाचा इतिहास त्यात सलग वाचावयास मिळतो.

पहिला परवाना १९२७ सालचा. वेस्टमिन्स्टरसमोर, राजधानीच्या ऐन मध्यावर, एवढे कोळसे जाळल्यास गंधकयुक्त धुराने इमारतींची आणि माणसांच्या फुप्फुसांची हानी होईल अशी ओरड झाली, तेव्हा विद्युत आयुक्तांनी धुरातील गंधक शक्य तितके काढून टाकावे अशी अट घातली. ती पाळण्यासाठी वीजकंपनीने धूर नदीच्या पाण्याने धुऊन मगच वर सोडण्याची यंत्रणा बसविली; जगातील असल्या आरंभीच्या प्रयोगांत तिची गणना होते. त्यामुळे आकाश पुष्कळसे वाचले खरे, परंतु धुवणाचे पाणी नदीतच परत जाई. अट लिहिणाऱ्यांनी वर पाहिले होते, खाली पाहिले नव्हते. कोळसा येई तोही नदीनेच, पुलांखालून जाता यावे म्हणून धुरांडी आडवी पाडता येणाऱ्या बुटक्या जहाजांतून. १९३३ साली वीज वाहू लागली आणि १९५५ पर्यंत चारही धुरांडी पुरी झाली.

या वीजघराचा घरांशी संबंध अलीकडचा नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर समोरच्या तीरावर, पिम्लिको भागात, वेस्टमिन्स्टर नगरपालिकेने चर्चिल गार्डन्स ही सुमारे सोळाशे घरांची भाड्याची वसाहत बांधली, आणि वीज निर्माण करताना वाया जाणारी उष्णता गरम पाण्याच्या रूपाने नदीखालच्या नळांतून त्या घरांना पुरविली. पालिकेच्या भाडेकरूंना वीजघराच्या उबेत हिवाळा काढता यावा, ही व्यवस्था मला स्कॉट यांच्या विटांइतकीच देखणी वाटते.

त्याच सुमारास, १९४७ साली, मजूर पक्षाच्या सरकारने नगररचनेचा जो कायदा केला त्याने जमीन मालकाकडेच ठेवली, पण तिच्यावर नवे काही उभारण्याचा हक्क जणू सरकारजमा केला. परवानगीमुळे जमिनीच्या मोलात पडणारी सारी भरही सरकारनेच आकाराने घ्यावी असे त्यात ठरले होते. हुजूर पक्षाने १९५३ साली तो आकार काढून टाकला. परवानगी द्यावयाची नगराने आणि तिने फुगलेले मोल जावयाचे मालकाच्या खिशात, अशी जी विषमता यातून उरली तीच पुढच्या साऱ्या घासाघिशीचे मूळ होय; १९९०च्या कायद्यातील कलम १०६, ज्यान्वये बांधणाऱ्याकडून परवडणारी घरे, रस्ते, शाळा करारात लिहून घेता येतात, हा त्या घासाघिशीचा कायदेशीर नमुना.

वीजघराचा अर्धा भाग १९७५ साली आणि उरलेला १९८३ साली बंद पडला. मध्यंतरी १९८० साली वास्तूला संरक्षण मिळाल्याने पाडण्याचा मार्ग मिटला होता. मग परवान्यांची मालिका सुरू झाली. १९८६ साली करमणुकीच्या उद्यानास मंजुरी मिळाली. छप्पर उतरविले गेले, पैसा संपला, १९८९ साली काम थांबले. पुढे मालक बदलत गेले, आराखडे बदलत गेले, आणि छप्पर नसलेल्या त्या वास्तूत पाऊस पडत राहिला. १९८७ साली पंधरा लाख पौंडांना विकली गेलेली मालमत्ता २००६ साली चाळीस कोटींना गेली. या वाढीतला विटांचा वाटा शून्य. ती सारी परवानगीच्या आशेची किंमत होती.

अखेर २०१० साली, बॅटरसी ज्या हद्दीत येते त्या वॉन्ड्सवर्थच्या पालिकेने वास्तुशिल्पी राफाएल विन्योली यांच्या आराखड्यास मंजुरी दिली, मालक दिवाळ्यात गेला, आणि २०१२ साली मलेशियातील कंपन्यांनी जागा घेतली. पालिकेच्या अटींपैकी धुरांड्यांची अट विशेष कडक होती: जीर्ण धुरांडी उतरवून हुबेहूब तशीच पुन्हा बांधावयाची, आणि पहिले पुन्हा वर चढू लागल्याखेरीज इतर तिन्हींना हात लावावयाचा नाही. ही अट अक्षरशः पाळली गेली. भुयारी रेल्वेचा फाटा आणण्याच्या खर्चातही बांधणाऱ्यांनी मोठा वाटा उचलला, आणि २०२१ साली गाड्या धावू लागल्या.

घरांची अट तितकी टिकली नाही. एकंदर ४,२३९ घरांपैकी ६३६ घरे परवडणारी असावीत असे ठरले होते. खर्च वाढला, नफा घटला, असे मालकांनी मांडताच २०१७ साली पालिकेने ती संख्या ३८६ वर आणण्यास संमती दिली. पुढे नफा झाल्यास उरलेल्यांचा फेरविचार व्हावा, एवढीच तरतूद राहिली. विटांची अट मोडली तर ते रेल्वेच्या खिडकीतून दिसते. अडीचशे घरे कागदावरून पुसली गेली तर कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. मंजूर झालेली ती ३८६ घरेही टेम्सच्या काठी नाहीत. ती वीजघराच्या मागे, स्लीफर्ड स्ट्रीटवर, पीबॉडी या जुन्या धर्मादाय गृहसंस्थेकडे सोपविण्यात आली.