ऑस्टिन सेव्हन आणि हौशी शर्यतीचे नियम

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हौशी मोटार-शर्यतींची जी परंपरा रुजली, तिचा पाया शर्यतीसाठी घडवलेल्या यंत्राने नव्हे, तर एका स्वस्त कौटुंबिक गाडीने घातला. हर्बर्ट ऑस्टिन यांनी स्टॅन्ली एज या अवघ्या अठरा वर्षांच्या आरेखकाच्या मदतीने आखलेली ऑस्टिन सेव्हन १९२२ साली बाजारात आली आणि १९३९ पर्यंत तिच्या सुमारे २,९०,००० गाड्या तयार झाल्या. तिचे चार सिलिंडरचे ७४७ सीसीचे इंजिन सुरुवातीच्या काळात जेमतेम दहा अश्वशक्ती देई. परंतु चासी, म्हणजे चाके, इंजिन आणि बॉडी यांना पेलणारा पोलादी सांगाडा, इतकी साधी होती की घरच्या गॅरेजमध्ये मोजक्या हत्यारांनिशी ती उघडी करता येत असे.

युद्धोत्तर परिस्थितीने या साधेपणाला अर्थ दिला. ब्रुकलँड्सचा जुना शर्यतमार्ग १९३९ नंतर पुन्हा उघडला नाही, कारखान्यांतून निघणाऱ्या नव्या गाड्या परकीय चलनासाठी निर्यात होत होत्या, आणि पेट्रोलवरील नियंत्रण मे १९५० पर्यंत टिकले. दुसरीकडे सिल्व्हरस्टोनसारखे युद्धकालीन विमानतळ ओस पडले होते आणि त्यांचे डांबरी रस्ते शर्यतींस उपलब्ध झाले. जुन्या सेव्हन गाड्यांच्या बॉडीतील लाकडी चौकट अनेकदा कुजलेली असे, पण खालची चासी आणि इंजिन शाबूत असत. अशी गाडी अल्प किमतीत घेऊन तिच्यातून घडवलेल्या एकमेव नमुन्याच्या गाडीस ‘स्पेशल’ म्हणत.

स्पेशल घडवण्याचे काम वजन उतरवण्यापासून सुरू होई: मूळ बॉडी आणि मडगार्ड काढून त्यांच्या जागी अॅल्युमिनियमच्या पत्र्याचे हलके, दोन आसनी कवच बसवले जाई. त्यानंतर पाट्यांकडे, म्हणजे चाकांचे धक्के पेलणाऱ्या पोलादी स्प्रिंगांकडे, लक्ष वळे. पुढे एकच आडवा पाटा आणि मागे चासीच्या टोकांतून बाहेर आलेले दोन अर्धवट पाटे अशी मूळ रचना असल्याने वळणावर गाडी एका अंगावर झुकली की मागचा अॅक्सल किंचित तिरका होई आणि गाडी स्वतःहून अधिक वळू पाही. पाटे सपाट केले म्हणजे हा दोष कमी होई आणि गाडी जमिनीलगतही येई. इंजिनाचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्येच असल्यामुळे वरचे हेड हे केवळ एक झाकण होते, आणि ते घासून पातळ केले की इंधनाचे मिश्रण अधिक दाबले जाऊन ताकद वाढे. मात्र या वाढीव ताकदीला मर्यादा होती, कारण पिस्टनची हालचाल फिरत्या गतीत बदलणारा क्रँकशाफ्ट बहुतेक इंजिनांत फक्त दोन टोकांच्या बेअरिंगवर तोललेला असे. वेग वाढताच तो मध्ये लवे आणि कालांतराने मोडे. तारांनी चालणारे ब्रेक ही तर कायमचीच चिंता होती.

या विखुरलेल्या उद्योगाला शिस्त आली ती १९३९ साली स्थापन झालेल्या ७५० क्लबमुळे. पशुवैद्य असलेले हॉलंड बर्केट हे या क्लबचे प्रमुख आधारस्तंभ होते, आणि १९४९ साली आकारास आलेल्या ‘७५० फॉर्म्युला’ या नियमावलीत, म्हणजे एका वर्गातील सर्व गाड्यांना बांधणाऱ्या अटींत, ऑस्टिन सेव्हनची चासी आणि तिच्याच इंजिनाचा ब्लॉक वापरण्याचे बंधन होते. हे बंधन शर्यतीच्या इतिहासातील अत्यंत शहाणे पाऊल मानावे लागते, कारण त्यामुळे पैसा ओतून विजय मिळवण्याची वाट अरुंद झाली आणि बुद्धीला भरपूर जागा उरली.

ती जागा किती मोठी होती हे कॉलिन चॅपमन यांनी दाखवले. सेव्हनवरच पहिली लोटस घडवणाऱ्या या तरुण अभियंत्याने १९५१ च्या हंगामासाठी लोटस मार्क ३ तयार केली. सेव्हनच्या ब्लॉकमध्ये मिश्रण आत घेणारी प्रत्येक वाट दोन सिलिंडरांत सामाईक असल्याने शेजारचे सिलिंडर एकमेकांचा वाटा हिरावून घेत. चॅपमन यांनी त्या वाटांमध्ये पातळ पडदे बसवून चारही सिलिंडरांना जणू स्वतंत्र मार्ग दिला. गाडी इतकी वरचढ ठरली की ही युक्ती नियम बदलून बंद करावी लागली. नियमकर्त्यांवर येथे कोतेपणाचा आरोप करणे अन्यायाचे होईल. वर्ग जगवायचा तर साधारण कारागिराच्या आवाक्यात तो ठेवणे भागच होते. त्याच क्लबने पुढे फोर्डच्या इंजिनावर आधारित ११७२ फॉर्म्युला सुरू केला आणि एरिक ब्रॉडली या पुढे लोला कंपनी काढणाऱ्या रचनाकाराचा उदय त्यातूनच झाला. न्यूझीलंडमध्ये ब्रूस मॅकलॅरेन यांनीही आपल्या शर्यतींची सुरुवात सेव्हनच्याच ‘उल्स्टर’ या क्रीडा-प्रकारातील गाडीने केली.

ऑस्टिनचे चांगले सुटे भाग दुर्मीळ होत गेल्यावर ७५० फॉर्म्युलात आधी रिलायंटच्या आणि पुढे फियाटच्या इंजिनांना मान्यता मिळाली, आणि वर्ग टिकून राहिला. जुन्या स्पेशलचे नशीब मात्र वेगळे ठरले. त्यांपैकी कित्येक गाड्यांची घरगुती कवचे उतरवून त्या चासींवर उल्स्टरच्या धर्तीची नवी बॉडी चढवली गेली. अशा जीर्णोद्धारात कारखान्याचा नमुना पुन्हा दिसू लागतो, पण ज्या अनामिक हातांनी भंगारातून शर्यतीची गाडी उभी केली, त्यांच्या कारागिरीचा एकमेव पुरावा पुसला जातो.