बेरजेचा रकाना

शाळेचे निकालपत्रक आपण सर्वांनी पाहिलेले असते. मराठीत ६२, गणितात ७१, इतिहासात ४८ आणि शेवटच्या रकान्यात एकूण १८१. पहिले तीन आकडे उत्तरपत्रिकांतून येतात. चौथा त्या तिघांतूनच निघतो. आता पत्रकाची नक्कल दुसऱ्या कचेरीत गेली, तेथे फेरतपासणीनंतर इतिहासाचे ४८ चे ५८ केले आणि बेरीज तशीच राहिली, तर? एकाच ओळीतले आकडे भांडू लागतात, आणि खरे कोण हे काही कागद सांगत नाही.

हे दुखणे जुने आहे. इंग्लंडात चार्ल्स बॅबेज यांनी १८२२ साली कोष्टके काढणाऱ्या यंत्राचा नमुना दाखविला. यंत्राने नुसते गणित करून भागणार नाही, छपाईचा ठसाही त्यानेच उठवावा, अशी त्यांची योजना होती. कारण चुका हिशेबात होत, तशा नकलेतही होत.

पुढे १९७० साली आयबीएम कंपनीतील एडगर कॉड यांनी एक निबंध लिहिला. मोठे माहितीसाठे साध्या तक्त्यांच्या रूपाने ठेवावेत, हा त्यातला विचार. जे इतर माहितीवरून काढता येते ते पुन्हा साठवले तर विसंगती कशी शिरते, याचीही चर्चा त्यात आहे. या तक्त्यांसाठी एसक्यूएल नावाची भाषा झाली आणि तिच्या २००३ च्या प्रमाण आवृत्तीत बेरजेच्या रकान्याला रीतसर जागा मिळाली. त्या रकान्यात आकडा भरायचा नाही, नियम सांगायचा.

पण तक्ता बाहेर उतरवून घेताना काय करायचे? पोस्टग्रेस या माहितीसाठ्याच्या २०१९ मधील बाराव्या आवृत्तीने दिलेले उत्तर मला फार आवडते. तेथे 'कॉपी' म्हटले की असा रकाना मागेच राहतो. संपूर्ण साठ्याची प्रत काढली तर तक्त्याच्या आराखड्याबरोबर नियम जातो, आणि नव्या जागी बेरीज नव्याने होते. नियमावर बंधनेही आहेत. त्याच ओळीतले आकडे घ्यायचे, म्हणून वर्गातला क्रमांक अशा रकान्यात बसत नाही. उत्तर कधीही काढले तरी तेच यायला हवे, म्हणून 'आजचे वय'ही चालत नाही. जन्मतारीख ठेवा, वय विचारतेवेळी काढा!

मात्र पलीकडच्या माणसाजवळ तसा साठा नसेल, त्याला नुसती यादीच हवी असेल, तर तेथे नियम पाठवून काय उपयोग? अशा वेळी आधी एसक्यूएलमध्ये बेरजेसकट सारे रकाने मागायचे आणि आलेले उत्तर फाइलमध्ये उतरवायचे. त्या फाइलमधले १८१ हे मात्र नुसते १८१ असते. मागाहून कोणी ४८ चे ५८ केले, तर त्याला काही पत्ता लागत नाही.