पाट्याची सुरी

पिंपरीचा इतिहास सांगणारे १९५४ च्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून सुरुवात करतात आणि १९६२ च्या एमआयडीसीवरून तडक चाकणला पोचतात. आमच्या सुरीला कुणी विचारतच नाही! मूळचा तो ट्रकच्या कमानीचा तुटका पाटा, भंगारातून किलोच्या भावाने आणलेला. शेजारच्या निवृत्त फिटरकाकांनी परसात भट्टी मांडून तो लाल केला, ठोकला, घासला, पाणी दिलं. (बुडवला तेलात, म्हणायचं मात्र 'पाणी'च!) मग पुन्हा शेकून पिवळसर रंगावर आणला, नाहीतर काचेसारखा तडकतो म्हणे. मला वाटलं, ही कारखान्यातली विद्या.

"छे हो! रस्त्याकडेला भाता लावून बसणाऱ्या घिसाड्याकडून उचलली."

त्याचं नाव? काकांनी विचारलंच नव्हतं. विळे-कोयते करून देऊन तो बिऱ्हाडासकट पुढच्या गावाला गेला होता.