तोशिबा ते किऑक्सिया : फ्लॅश मेमरीच्या जनक कंपनीचा इतिहास

प्रस्तावना :

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माहिती साठविण्याच्या तंत्रात जे मूलगामी बदल घडून आले, त्यांत फ्लॅश मेमरीचे स्थान महत्त्वाचे आहे. विद्युतपुरवठा बंद झाल्यावरही या चिपमधील माहिती टिकून राहते. भ्रमणध्वनी, डिजिटल कॅमेरा व संगणक यांचे आजचे स्वरूप तिच्यामुळेच शक्य झाले. ‘नॉर’ व ‘नँड’ हे तिचे दोन्ही प्रमुख प्रकार जपानमधील तोशिबा कंपनीत विकसित झाले. असे असूनही २०१८ मध्ये तोशिबाला हाच व्यवसाय विकावा लागला. शोध लावणारी संस्था त्या शोधापासून दुरावते कशी, हा या इतिहासातील मुख्य प्रश्न होय.

उद्दिष्टे व पद्धती :

तोशिबातील फ्लॅश मेमरीच्या विकासाचे टप्पे पाहणे, संशोधक व संस्था यांच्या संबंधांचे स्वरूप तपासणे आणि व्यवसायाच्या विक्रीची कारणमीमांसा करणे, ही प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे आहेत. त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून मांडणी दुय्यम साधनांवर आधारित आहे.

१. शोधाची पार्श्वभूमी :

फ्लॅश मेमरीचा पाया १९६७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घातला गेला. तेथे डॉन कांग व सायमन झी यांनी ‘फ्लोटिंग गेट’ची, म्हणजे विद्युतभार अडवून ठेवणाऱ्या बंदिस्त थराची, कल्पना मांडली. या तत्त्वावरील सुरुवातीच्या चिपमधील माहिती पुसण्यासाठी अतिनील किरणांचा मारा करावा लागे. पुढे विजेच्या साहाय्याने माहिती पुसणे शक्य झाले. मात्र प्रत्येक घटकासाठी दोन ट्रान्झिस्टर लागत असल्याने ती चिप महाग पडे.

१९७१ मध्ये तोशिबात रुजू झालेल्या फुजिओ मासुओका यांनी या अडचणीवर वेगळा उपाय शोधला. माहिती सुटीसुटी न पुसता मोठ्या गटाने एकदम पुसली, तर एका घटकाला एकच ट्रान्झिस्टर पुरेल, असा त्यांचा विचार होता. क्षणार्धात पुसण्याच्या या क्रियेवरून सहकारी शोजी आरिइझुमी यांना कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली व त्यांनी ‘फ्लॅश’ हे नाव सुचविले. १९८४ मध्ये हे संशोधन आंतरराष्ट्रीय इलेक्ट्रॉन उपकरण परिषदेत सादर झाले. १९८७ मध्ये त्याच परिषदेत मासुओका व त्यांच्या सहकाऱ्यांनी नँड रचना मांडली. तीत घटक एकापुढे एक साखळीने जोडलेले असल्याने जोडणीबिंदू कमी लागतात आणि कमी जागेत अधिक माहिती मावते. कोणताही एक घटक वाचण्याचा वेग कमी असला, तरी स्वस्त साठवणुकीसाठी हीच रचना सोयीची ठरली.

२. संशोधक आणि संस्था :

नॉर प्रकाराचे व्यापारी महत्त्व अमेरिकेतील इंटेल कंपनीने लवकर ओळखले व १९८८ मध्ये तो बाजारात आणला. त्या काळात जपानी कंपन्यांचे लक्ष डीरॅम या स्मृतिचिपवर केंद्रित होते. मासुओका यांनी १९९४ मध्ये तोशिबा सोडली व ते तोहोकू विद्यापीठात प्राध्यापक झाले. शोधाच्या मोबदल्यासाठी त्यांनी २००४ मध्ये तोशिबाविरुद्ध १०० कोटी येनचा दावा दाखल केला. २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. नोकरीत असताना लागलेल्या शोधावर संशोधकाचा हक्क किती, हा प्रश्न त्यामुळे या खटल्यात न्यायालयीन निवाड्याविनाच राहिला.

३. विस्तार व स्पर्धा :

एकच कंपनी पुरवठादार असलेली चिप ग्राहक सहसा स्वीकारत नाहीत. दुसरा पुरवठादार असल्यास बाजारपेठ वाढते, या विचाराशी सुसंगत पाऊल तोशिबाने १९९२ मध्ये उचलले व दक्षिण कोरियातील सॅमसंगला नँडचे तंत्र देण्याचा करार केला. बाजारपेठ वाढली, परंतु पुढे सॅमसंगच या क्षेत्रात अग्रस्थानी गेली. तरीही तोशिबाने या शोधाची उपेक्षाच केली, असा निष्कर्ष काढणे न्याय्य ठरणार नाही. अमेरिकेतील सॅनडिस्कशी तिने भागीदारी केली. २००१ च्या अखेरीस सर्वसाधारण डीरॅमच्या उत्पादनातून माघार घेऊन तिने नँडवर भर दिला. मिए प्रांतातील योक्काइची येथील कारखाना या उत्पादनाचे केंद्र बनला. २००७ मध्ये घटकांचे थर उभे रचण्याचे त्रिमितीय तंत्रही तोशिबानेच मांडले.

४. विक्रीची कारणे :

व्यवसाय विकण्याचे कारण मात्र चिपच्या क्षेत्राबाहेरचे होते. तोशिबाने २००६ मध्ये अमेरिकेतील वेस्टिंगहाऊस ही अणुऊर्जा कंपनी ताब्यात घेतली होती. २०१५ मध्ये तोशिबाने अनेक वर्षे नफा फुगवून दाखविल्याचे उघड झाले व अध्यक्षांना पायउतार व्हावे लागले. अमेरिकेतील अणुभट्ट्यांचा खर्च आवाक्याबाहेर गेल्याने मार्च २०१७ मध्ये वेस्टिंगहाऊसने दिवाळखोरी जाहीर केली. तोशिबाची देणी मालमत्तेपेक्षा अधिक झाली. अशा स्थितीत सर्वाधिक किंमत येईल असा व्यवसाय मेमरीचाच होता.

सप्टेंबर २०१७ मध्ये बेन कॅपिटलच्या नेतृत्वाखालील गटाशी सुमारे २ लाख कोटी येनचा करार झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस तोशिबाने नवे भाग विकून सुमारे ६०,००० कोटी येन उभे केले. त्यामुळे तातडीची निकड बरीच कमी झाली होती. परंतु करार कायम राहिला व १ जून २०१८ रोजी विक्री पूर्ण झाली. तोशिबाकडे मतदानाचे सुमारे ४० टक्के अधिकार राहिले. १ ऑक्टोबर २०१९ पासून नव्या कंपनीने ‘किऑक्सिया’ हे नाव धारण केले. जपानी ‘किओकू’ म्हणजे स्मृती व ग्रीक ‘आक्सिया’ म्हणजे मूल्य, यांतून ते घडले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तोशिबाचे भाग टोकियो शेअर बाजारातून काढले गेले, तर डिसेंबर २०२४ मध्ये किऑक्सियाचे भाग त्याच बाजारात दाखल झाले.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. एक, तोशिबाने मेमरी व्यवसाय गमावला तो तांत्रिक मागासलेपणामुळे नव्हे, तर अन्य क्षेत्रातील चुकीचे निर्णय व हिशेबातील अपारदर्शकता यांमुळे. दोन, मालकी बदलली तरी योक्काइची येथील उत्पादन व तेथे साठलेले कौशल्य टिकून राहिले. म्हणजेच ज्ञानाचे आयुष्य संस्थेच्या नावापेक्षा मोठे असू शकते. तीन, संशोधकाचे श्रेय आणि मोबदला यांविषयी स्पष्ट व्यवस्था आधीच नसेल, तर वाद न्यायालयापर्यंत जातो आणि संस्था आपला संशोधकही गमावते. ही तिसरी बाब केवळ उद्योगांपुरती मर्यादित नाही. संशोधनाचा आग्रह धरणाऱ्या प्रत्येक शिक्षणसंस्थेनेही तिचा विचार करणे अगत्याचे आहे.