बारा चौकटींतील बोरगाव

गतवर्षी पोळ्याच्या आधी माळ्यावरचे सामान खाली काढताना आम्हांस एक पत्र्याची पेटी सापडली. आत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या निगेटिव्हच्या पट्ट्या होत्या. काही एकमेकींस चिकटलेल्या, काहींस आंबट व्हिनेगरसारखा वास येत होता. तो वास म्हणजे फिल्मचा पाया कुजू लागल्याचे लक्षण. पेटी आमचीच होती. १९७४ ते १९८३ या काळात हौसेखातर काढलेल्या छायाचित्रांची. त्यानंतर नोकरी लागली व हौस मागे पडली.

आमचे आयुष्य राज्य शासनाच्या महसुली कागदांत गेले. खसरा आणि खतौनी यांवरून शेत कोणाचे, सिंचन कशाचे, पीक कोणते हे सांगता येते. त्या शेतात निंदणास कोण बाया येत, दुपारी त्या कोणत्या झाडाखाली भाकर सोडत, हे त्यात नसते. आपल्या सौंसर-पांढुर्णा भागाचा इतिहास लिहिणारे बहुधा देवगडच्या गोंड राजवटीपासून आरंभ करून नागपूरकर भोसल्यांकडे येतात. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले व आपण मध्य प्रदेशात राहिलो, येथे थांबतात. या सर्व तारखा खऱ्या व महत्त्वाच्या आहेत. परंतु त्या प्रत्येक तारखेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरोघरी चूल पेटलीच होती, आणि त्या चुलीचा कागद कोणत्याही दप्तरात नाही.

छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये पॅरिसमध्ये जाहीर झाला आणि अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ मध्ये, मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या कलेत रमलेल्या आरंभीच्या मराठी माणसांपैकी. १८५६ ते १८५८ या काळात मुंबईस ‘इंडियन अॅमॅच्युअर्स फोटोग्राफिक आल्बम’ नावाची मासिकमाला निघत असे; तिच्या नावातच हौशी माणसाचा उल्लेख आहे, हे आम्हांस विशेष वाटते. पण तिच्यात माणसे बहुशः जातीचे वा धंद्याचे नमुने म्हणून उभी केलेली दिसतात. माणूस कोण, हे नव्हे, तर कोणत्या प्रकारचा, हे पाहण्याची ती रीत होती. पुढे दादासाहेब फाळके यांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वी गोध्र्यास छायाचित्रालय काढले. तेव्हा कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती ओढून घेतो, या समजुतीने गिऱ्हाईक येईना, असे त्यांच्या चरित्रात वाचावयास मिळते. आमच्या लहानपणी, म्हणजे त्यानंतर साठ-सत्तर वर्षांनीही, फोटो काढल्याने आयुष्य घटते असे म्हणणाऱ्या म्हाताऱ्या बोरगावात होत्या.

परिणामी बहुतेक घरांत दोनच प्रकारची छायाचित्रे सापडतात. पहिले, सौंसर वा नागपूरच्या स्टुडिओत रंगविलेल्या पडद्यापुढे काढलेले: खुर्चीत बसलेला कर्ता पुरुष, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी पत्नी, पुढे टोपी घातलेले मूल. नॅरोगेज गाडीने नागपूरला जाऊन फोटो काढून आणणे हा दिवसभराचा सोहळा असे व त्यासाठी लग्नातला शालू बाहेर निघे. दुसरा प्रकार मृत्यूनंतरचा. भिंतीस टेकवून बसविलेल्या देहाचा, कपाळी गुलाल, गळ्यात हार. जिवंतपणी ज्याचे छायाचित्र निघाले नाही त्याचे निदान एक तरी असावे, हा हेतू. आजच्या पिढीस ते पाहवत नाही. आम्हांस त्यात क्रौर्य दिसत नाही, उशीर दिसतो.

आमच्या हाती आलेला कॅमेरा आगफा क्लिक थ्री. पेटीसारखा काळा डबा, त्यात १२० क्रमांकाचे रीळ. एका रिळात बारा चौरस चित्रे. मागील बाजूस तांबडी खिडकी असे. किल्ली फिरवीत तीत पुढचा आकडा येण्याची वाट पाहावयाची. प्रकाशासाठी सूर्य व ढग अशा खुणा. बाकी सारे नशिबावर. रीळ कधी परदेशी मिळे, कधी उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे ‘इंदु’ मिळे, आणि कित्येकदा काहीच मिळत नसे. बारा चौकटी तीन-तीन महिने पुरवाव्या लागत. आज मोबाइलवर नातवंडे एका वाढदिवसास तीनशे चित्रे काढतात. त्यांना हा हिशेब कळणार नाही, आणि कळावा असा आग्रहही नाही.

धुण्याचे काम आम्ही घरीच शिकलो. रात्री कोठीच्या खोलीत, दाराच्या फटींना वाकळ लावून, अंधारात चाचपडत रीळ टाकीत गुंडाळावयाचे. मग डी-७६ नावाचे द्रावण, मग हायपो, मग विहिरीच्या पाण्याने धुणे. आमच्या विहिरीचे पाणी जड. वाळल्यावर फिल्मवर पांढरे ठिपके राहत. एका जाणत्याने उकळून गाळलेले पाणी वापरावयास सांगितले तेव्हा ठिपके गेले, पण सरपण जळते म्हणून आईची बोलणी सुरू झाली. कागदावर छाप घेताना मात्र तांबडा दिवा चाले. बल्बभोवती पतंगाचा लाल कागद गुंडाळलेला. थाळीतील कोऱ्या कागदावर हळूहळू बैलाची शिंगे उमटू लागत, तेव्हा दाराबाहेर थांबलेली भावंडे आत घुसत व एखादा कागद हटकून काळा होई.

बैलाची शिंगे म्हटले, कारण त्या पेटीत बैलच अधिक आहेत. पोळ्याची तोरणे, बाशिंगे, झुली. त्याखालोखाल पांढुर्ण्यास पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणारी जाम नदीवरील गोटमार (लांबून, कारण कॅमेरा फुटण्याची धास्ती), जामसावळीचा हनुमान, संत्र्यांच्या पेट्या भरलेली गाडी, आणि सणाचे कपडे घालून रांगेत उभी भावंडे. म्हणजे आम्हीही तेच केले जे स्टुडिओवाल्याने केले होते. बारा चौकटींपैकी एक चुलीपाशी बसलेल्या आईवर घालविणे म्हणजे उधळपट्टी, असे आम्हांस मनापासून वाटे. तिनेही कधी म्हटले नाही.

परंतु निगेटिव्ह उजेडापुढे धरून पाहताना लक्ष मध्यावरून कडेस गेले. एका पोळ्याच्या चित्रात बैलामागील भिंतीवर कुटुंबनियोजनाचा त्रिकोण रंगविलेला आहे. चित्र १९७५-७६ चे असणार. त्याच भिंतीच्या टोकास डोक्यावर टोपले घेतलेली एक बाई चौकटीतून बाहेर पडत आहे, अर्धी हललेली, चेहरा नाही. ती आमची आई. लुगड्याच्या काठावरून व टोपले डाव्या हाताने धरण्यावरून ओळखली. तिची घरकामात असलेली एवढीच नोंद आहे. दुसऱ्या एका पट्टीत नागपूर-छिंदवाडा मार्गालगतचे पऱ्हाटीचे शेत आहे. पुढे ज्या भागात औद्योगिक क्षेत्र उभे राहून कापडाचा कारखाना आला, त्या बाजूचे. तेव्हा आमचा हेतू ढग टिपण्याचा होता. वेचणी करणाऱ्या पाच बाया खाली आपोआप आल्या.

याच संदर्भात नोकरीतील एक प्रसंग सांगणे भाग आहे. १९९३ मध्ये, टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना, मतदारांस छायाचित्र ओळखपत्रे देण्याचा निर्णय झाला व पुढील काही वर्षे गावोगाव शिबिरे भरली. शाळेच्या ओट्यावर पडदा लावून एकेकास बाकावर बसवीत. कित्येकांचे ते जन्मातले पहिलेच छायाचित्र होते. एका गावी वाकलेली एक आजी फोटो झाल्यावर उठेना. म्हणाली, ‘‘यातला एक फोटू मले देसान का जी, साहेब? घरी एकबी नाही.’’ नियमात तशी तरतूद नव्हती. पुढच्या फेरीस आमचा कॅमेरा घेऊन येतो, असे आम्ही सांगितले. फेरी चार महिन्यांनी झाली व कॅमेरा आम्ही घरीच विसरलो. त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी त्या गावी पुन्हा गेलो तेव्हा तिच्या घरी भिंतीवर हार घातलेली तसबीर होती. ओळखपत्रावरील बोटभर चित्र मोठे करून घेतलेले. नाक-डोळे ठिपक्यांत विरलेले. मुलाने आम्हांस बसावयास खाट टाकली व चहा ठेवला. आम्ही काही बोललो नाही.

नॅरोगेज गाडी २०१५ मध्ये बंद झाली व आता तेथे मोठ्या रुळांवर गाड्या धावतात. आपला भागही ऑक्टोबर २०२३ पासून छिंदवाडा जिल्ह्यातून निघून पांढुर्णा जिल्हा झाला आहे. पेटीतील पट्ट्या भाच्याच्या मदतीने उजेडाच्या पाटीवर ठेवून मोबाइलने टिपून घेतल्या. यंत्र काळ्याचे पांढरे क्षणात करते. अडचण पुढेच आहे. सुमारे चारशे चित्रांपैकी दीडशेंतील माणसे आम्हांस ओळखता येत नाहीत. ज्या छापांच्या मागे वडिलांनी पेन्सिलीने नावे लिहिली त्यांची ओळख पक्की राहिली. शाईची अक्षरे ओलीने पसरून पलीकडील चेहऱ्यावर उतरली. कित्येक घरांतील नातवंडे हिंदी वा इंग्रजी शाळांत शिकल्याने वळणदार मराठी अक्षरही अडखळत वाचतात, ही आणखी एक गोष्ट.

म्हणून मोठ्या आकाराचे छाप काढून बाजाराच्या दिवशी आम्ही ते पारावर नेले. ऐंशीच्या घरातील एक गृहस्थ चष्मा पुसून बराच वेळ पाहत राहिले. माणसांवरून त्यांची नजर सरकली, बैलापाशी थांबली. ‘‘हा डाव्या शिंगाचा मोडका,’’ ते म्हणाले, ‘‘हा तर वाण्याच्या वाडीतला. म्हणजे कासरा धरलेला पोट्टा त्याईचा धाकटा असंन.’’ आम्ही पेन्सिल काढली आणि छापाच्या मागे बैलाचे नाव आधी लिहिले.