शिळा, शाई आणि खिळे : मराठी मुद्रणाची उभारणी

यंत्र विकत आणता येते. त्यामागील कारागिरीची साखळी मात्र सहसा जागच्या जागीच घडवावी लागते. पश्चिम भारतातील देशी मुद्रणाचा आरंभकाळ हे स्पष्ट करतो. सुरतेचे व्यापारी भीमजी पारेख यांच्या विनंतीवरून ईस्ट इंडिया कंपनीने १६७४ मध्ये हेन्री हिल्स हा मुद्रक इकडे धाडला. त्याला छापता येत होते. परंतु देशी लिपीचे खिळे घडविणे त्याच्या विद्येत बसत नव्हते. प्रयत्न फसला तो येथेच.

खिळा म्हणजे अनेक हुन्नरांचे फलित होय. पोलादी पंचावर अक्षर उलटे कोरावयाचे, तो पंच तांब्यावर ठोकून मातृका करावयाची, ती साच्यात बसवून शिशाचा मिश्रधातू ओतावयाचा. देवनागरीत मात्रा, रफार व जोडाक्षरे यांमुळे हे काम शेकडो वेळा करावे लागते. लिपीचे ज्ञान व धातूचे ज्ञान एकत्र आल्यावाचून ते साधत नाही.

मुंबईचे गणपत कृष्णाजी यांनी ही अडचण प्रथम टाळली आणि मग सोडविली. अमेरिकन मिशनची छापील मराठी पुस्तके पाहून हिंदू धर्मग्रंथही छापावेत, असे त्यांच्या मनाने घेतले. गोविंद नारायण माडगांवकर यांनी १८६३ मधील ‘मुंबईचे वर्णन’ या ग्रंथात नोंदविल्याप्रमाणे त्यांनी स्वहस्ते लाकडी यंत्र बनविले, छापण्याजोगे दगड शोधले आणि शाईही स्वतःच सिद्ध केली. शिळाछापास खिळे लागत नाहीत. तेलकट शाईने लिहिलेले अक्षर ओल्या दगडावरून कागदावर उतरते. पोथी लिहिणारा सुलेखक समाजात होताच. नव्या यंत्रास त्याच्या जुन्या विद्येचा आधार मिळाला. १८३१ मध्ये त्यांचे छापील पंचांग निघाले. लोखंडी यंत्र परदेशातून आले ते त्यानंतर. पुढे त्यांनी खिळेही तयार केले.

जावजी दादाजी यांनी ही साखळी पूर्णत्वास नेली. मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याचे काम त्यांनी बालपणी केले होते. १८६४ मध्ये त्यांनी खिळे ओतण्याचा कारखाना काढला, १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांच्या पंचकलेमुळे निर्णयसागरचे अक्षर नामांकित झाले.

ही उभारणी निव्वळ शून्यातून झाली, असे म्हणता येणार नाही. मिशनचा नमुना डोळ्यांसमोर होता. तथापि नमुना पाहणे निराळे आणि त्याचा प्रत्येक दुवा स्वतःच्या हातांनी घडविणे निराळे. हिल्स यांच्यापाशी मुद्रणविद्या होती, पण लिपीची जाण असलेला पंचकार नव्हता. जावजींच्या कारखान्यात तो होता. मराठी मुद्रण रुजले ते या भेदामुळे.